ज्याचा रंग त्याचा नट

३ फेब्रुवारी

दादा,

चौदा महिन्यांनी लिहितेय. कशी आहेस, काय चाललंय असलं काही विचारू नकोस, मीही विचारणार नाही. कामाचं तेवढं लिहिते.

अप्पांच्या डोळ्यांमागची नस सुकत चाललीय. डॉक्टर म्हणाले, उन्हाळा संपेपर्यंत उजेड आणि अंधार एवढंच कळेल.  अप्पा घरी आले, चपला न काढता सरळ शेडमध्ये गेले आणि गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून म्हणाले, "ही एकदा चालताना बघायची आहे." बस. तेव्हापासून रोज सकाळी तेच वाक्य. आधी चहा, मग वाक्य.

गाडी पोलिसांच्या आवारातून नोव्हेंबरमध्ये परत मिळाली. वर्षभर उघड्यावर पावसात उभी होती. इंजिन पार जाम आहे. सहाच्या सहा पिस्टन असे चिकटलेत की मी पान्याला लोंबकळले तरी हलत नाहीत. आणि मी काही हलकी नाही, तुला माहितीय.

भंगारवाल्याकडे सामान पोचवणाऱ्या व्हॅनचं एक चार सिलिंडरचं इंजिन आहे. गिअरबॉक्ससकट. ते आपल्या गाडीत बसेल का? हो की नाही एवढंच सांग.

वकीलबाईंनी अपिलाची तारीख कळवलीय, १४ मे. म्हणाल्या, नवीन काही हाती असेल तर आणा, नाहीतर तेच कागद पुन्हा वाचले जातील आणि सात वर्षं ती सात वर्षंच राहतील. आता नवीन कुठून आणू? तू स्वतःच कोर्टात उभं राहून सांगितलंस की मजा म्हणून गाडी जोरात पळवत होतो. कोपऱ्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं दुकान बंदच आहे. मला रोज त्याच शटरसमोरून कामाला जावं लागतं. माझा शाळेचा पहिला गणवेश त्यांनी शिवला होता. तुझ्या गाडीखाली गेल्या तेव्हाही गळ्यात टेप होती.

मी तुला माफ केलेलं नाही. इंजिनाचं कळव.

वॉशर

१४ फेब्रुवारी

प्रिय वॉशर,

सही दोनदा वाचली. माझ्या आणि अप्पांच्या मध्ये चेपली जाणारी म्हणून तुला वॉशर म्हणायला लागलो, आणि आता बघ, तू मध्ये नाहीस तर मी आणि अप्पा दोघंही खडखडतोय.

इथले दोन नियम आधी सांगतो. कागदाच्या एकाच बाजूला लिही, मागे शिक्का मारतात आणि शाई उतरते, तुझ्या पत्राचा अर्धा भाग मी आरशात धरून वाचला. आणि पत्र आधी तुरुंगाचे साहेब वाचतात, मग मी.

इंजिन बसणार नाही. तुझा तो चौकोनी ठोकळा तिथे कसा मावेल? नाद सोड. गाडी आहे तशी, इंजिनासकट, भंगारात दे. आजच्या आज दे. अप्पांना सांग मी सांगितलंय.

त्यांना बघायचंच असेल तर माझ्याकडे आण. भेटीची खोली बऱ्यापैकी उजेडाची आहे.

दादा

२२ फेब्रुवारी

दादा,

इंजिन आणलं. तुझं पत्र यायच्या आधीच आणलं होतं, तेव्हा उगाच राग धरू नकोस.

भंगारात दे म्हणतोस. सांगायला तुझं काय जातं? अप्पांनी ही गाडी सांगाडा म्हणून आणली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास, मी चार. आईला त्यांनी सांगितलं होतं की पाळणा आणलाय. दोन माणसं बसतात, गुडघ्याएवढी उंच आणि एक दार बाहेरून उघडतच नाही. अख्खं घर तिच्याभोवती वाढलं. आता बाजूने शेडचा पत्रा काढल्याशिवाय ती भंगारातही जाणार नाही.

अप्पांना मी तुझा निरोप सांगितला. ते म्हणाले, "त्याला म्हणावं, तू आलास की याच गाडीतून घरी येशील." मी म्हटलं, अप्पा, सात वर्षं. तर म्हणाले, "तोवर रनिंग-इन होईल, इंजिन सरावेल."

मी मदत मागतेय. आयुष्यात पहिल्यांदा मागतेय असं समज. दिवसभर दातांच्या लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासते आणि संध्याकाळी दोन तास मिळतात. अप्पा स्टुलावर बसून सूचना देतात, पण त्यांना दहाचा पाना आणि बाराचा पाना आता हाताने चाचपावा लागतो. परवा त्यांनी अर्धा तास चुकीचा बोल्ट सोडवला.  मी तो गुपचूप परत आवळला.

नाही म्हणालास तरी मी करणारच आहे. मग चुकेल, एवढंच.

वॉशर

५ मार्च

वॉशर,

चार दिवस विचार केला. तुझं बरोबर आहे. इंजिन बदल. जुनं काढून फेकून दे आणि नवं बसव. इथल्या सुतारकामाच्या खोलीत पॅकिंगचा कागद मिळतो, त्यावर आकृती काढून पाठवतोय. नीट बघ.

आधी बॅटरी, मग पाणी, मग तेल. प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नाव लिही, "लक्षात राहील" म्हणू नकोस, राहत नाही. बॉनेट काढून भिंतीला उभं कर. वजन उचलायचा चेन-ब्लॉक तुळईला टांग, पण तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू दे, ती तुळई अप्पांच्या वयाची आहे. इंजिन उचलताना गिअरबॉक्सची शेपटी खाली राहील अशी तिरकी साखळी घे.

आता महत्त्वाचं. इंजिन ज्या रबरी बैठकींवर बसतं त्या जुन्या माउंटचे नट उघडत बसू नकोस. दोन्हीकडची माउंट गंजलेली असणार, वेळ जाईल. सरळ ग्राइंडरने कापून टाक. कापलेलं सगळं इंजिनासकट त्याच दिवशी भंगारात दे, शेडमध्ये पसारा नको.

दुसरं. नव्या इंजिनाला पेडलपासून येणारी अॅक्सिलरेटरची दांडी लावू नकोस. केबल लाव. पूर्वीची लोखंडी दांडीची जोडणी पुन्हा वापरायचा मोह होईल, वापरू नकोस. का ते विचारू नकोस, केबल सोपी असते.

नवं इंजिन आखूड आहे, म्हणजे मागे सरकवून बसव, वजन मध्ये येईल. खालचं तेलाचं भांडं पुढच्या आडव्या पट्टीला घासेल. भांडं काप, पट्टी कापू नकोस.

बरं वाटलं लिहून. कितीतरी दिवसांनी हाताला ग्रीसचा वास आल्यासारखं वाटलं.

दादा

१९ मार्च

दादा,

तुझी आकृती अप्पांनी खिडकीत धरून, नाक टेकवून बघितली. म्हणाले, "गाढव आहे, पण हात चांगला आहे." तुझ्याबद्दल ते पंधरा महिन्यांत इतकं चांगलं बोलले नव्हते. मीही नाही. तू लिहितोस तसं पूर्वी बोलायचास. मला वाटलं, माणूस अजून आत आहे.

हा आजपर्यंतचा हिशेब. बॉनेट भिंतीला उभं आहे, शेजारच्या मांजराने त्याच्यामागे पिल्लं घातलीत, त्यामुळे ते आता हलणार नाही. वायरींना नावं लावली. तेलाचं भांडं कापून वेल्डिंग करून आणलं, रॉकेल भरून दोन दिवस वर्तमानपत्रावर ठेवलं, डाग नाही. नव्या माउंटच्या पट्ट्यांचा आकार मी बुटाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापला. नवी माउंट दुकानातली, कंपनीची. या वेळी मी वाट बघितली.

आवळलेल्या प्रत्येक नटावर रंगाची रेघ ओढतेय. अप्पांचा नियम चालू आहे, ज्याचा रंग त्याचा नट. त्यांच्या पांढऱ्याची बाटली मी कपाटात ठेवून दिली, तुझा लाल तिथेच आहे. सगळं पिवळं पिवळं झालंय. कावीळ झाल्यासारखी दिसते गाडी.

एका बाबतीत मात्र तुझं ऐकलेलं नाही. ग्राइंडर लावायला गेले तर अप्पा स्टुलावरून उठले. म्हणाले, "नट असताना कापतो तो कसाई. उघड." तेव्हा रविवारी जुनी माउंट रीतसर उघडून इंजिन काढतोय. तेल मारून ठेवलंय.

वॉशर

२७ मार्च

उघडू नकोस. काप. अप्पांना म्हणावं, मी हात जोडतो. न बघता काप आणि दे.

दादा

१२ एप्रिल

दादा,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. इंजिन त्याच्या आधीच, ठरलेल्या रविवारी निघालं होतं.

उजवं माउंट सुटलं. डाव्याचे नट सोडवायच्या आधी वजन पेलायला चेन-ब्लॉकची साखळी चार कड्या ओढली, तर डावी बाजू अलगद वर आली. त्याचे दोन्ही नट अजून आवळलेलेच होते. मला आधी कळेचना. मग टॉर्च लावला. मधलं रबर दोन तुकडे झालेलं. वरचं पान वरती, खालचं खाली, मध्ये काही नाही. रबर तेलात भिजून स्पंजासारखं फुगलेलं, नख लावलं तरी चुरा होत होता.

मी साखळी खाली सोडली. इंजिन परत जागच्या जागी बसलं. फट दिसेना. पुन्हा वर, पुन्हा खाली. चार-पाच वेळा तेच केलं. वर गेलं की इंजिनाबरोबर ती अॅक्सिलरेटरची दांडी ओढली जायची आणि इंजिनाला पेट्रोल देणारा कार्बोरेटर आपोआप पूर्ण उघडायचा. पेडलला कुणाचा पायसुद्धा नाही. खाली सोडलं की सगळं शहाण्यासारखं बंद. तपासणीला आलेल्या साहेबांनी गाडी उभी असताना बघितली होती. उभ्या गाडीत दोष दिसणारच नव्हता, जोर दिल्यावरच इंजिन उचललं जातं.

केबल का, ते आता कळलं. ती लवचीक असते, इंजिन हललं तरी ओढली जात नाही.

अप्पा स्टुलावरून विचारत होते, काय झालं, काय झालं. मी माउंट खालच्या पट्टीसकट काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. वास घेतला. मग म्हणाले, "हे कंपनीचं रबर नाही. हा मशीनच्या पट्ट्याचा तुकडा आहे, चिकटवलेला." आणि मग विचारलं, "रंग कुणाचा आहे?"

दादा, मी म्हणाले लाल.

तोंडातून गेलं. तुझं नाव घेतलं मी, तुझंच. आधीच आत आहेस त्याचं.  अप्पांनी खालच्या नटाला पाना लावला, जरासा सोडवला, परत तितकाच आवळला, आणि माउंट फडक्यात गुंडाळून आपल्या कपाटात ठेवलं. तेव्हापासून रोज सकाळी चहानंतर गाडीचं वाक्य नाही. आता दुसरं वाक्य आहे: "वकीलबाईंना पत्र गेलं का?"

मी रोज सांगते, आज टाकते.

नवं इंजिन बसलं. काम चालू आहे. दातांच्या लॅबमध्ये काल मी एका बाईंच्या कवळीला खालचे दात वर लावले. मला काय करू ते सांग. तू काय सांगणार ते मला माहीत आहे, तरी सांग.

वॉशर

२० एप्रिल

वॉशर,

शांत बस आणि वाच. हे पत्र माझ्याआधी आणि तुझ्याआधी साहेब वाचणार आहेत, म्हणून फक्त गॅरेजचं लिहितोय.

जुना रंग काढायला थिनर लागतो. तो खिडकीखालच्या डब्यात आहे. कापसाचा बोळा, पाच मिनिटं. रंग गेला की लोखंडाच्या तुकड्याला नाव राहत नाही. मग तो तुकडा गटारात जावो, नाहीतर भंगारात. तू कुठेही पाठवायचा नाही. वकीलबाईंकडे तर नाहीच, कारण त्या पहिला प्रश्न विचारतील तो तुला माहीत आहे, आणि शपथ घेऊन मला खोटं बोलता येत नाही. एकदा बोललो, तेवढं पुरे.

तुझं म्हणणं मी इथूनही ऐकतोय. ज्याचा रंग त्याचा नट. हा अप्पांचा नियम. माझाही एक आहे. चावी ज्याच्या हातात, गाडी त्याची. त्या शनिवारी मी कामावरून आलो, कंपनीचं माउंट यायला अजून तीन आठवडे होते आणि मी तोंड पाडून बसलो होतो. कुणीतरी मला खूश करायला काहीतरी करून ठेवलं होतं. मी वाकून बघितलं, बोटाने टकटक केलं आणि म्हणालो, वा. चुकीचं रबर आहे हे मला त्याच वेळी दिसलं होतं. कोपऱ्यापर्यंतच जायचंय, म्हणालो. चावी मी फिरवली.

कोपऱ्यावर पेडल पायाखालून निघून गेलं तेव्हाच मला सगळं समजलं. ब्रेकवर उभा राहिलो होतो. बाईंनी माझ्याकडे बघितलं. ते जाऊ दे.

मजा म्हणून पळवत होतो असं म्हटलं की पुढे कुणी काही विचारत नाही. तरुण माणसाबद्दल ते सगळ्यांना आधीच पटलेलं असतं. तुला पण पटलं. मला तेच हवं होतं. चौदा महिने तू पत्र लिहिलं नाहीस, तेव्हा मला वाटायचं, काम फत्ते.

मला इथे जमतं. सुतारकाम शिकलोय. छातीत थोडं भरतं लाकडाच्या भुशाने, एवढंच. तुझी नोकरी आहे. अप्पांना बघायला कुणीतरी घरी पाहिजे, आणि आपल्या दोघांतला एक आधीच आत आहे. हिशेब सोपा आहे, वॉशर. तुला गणित कधी आलं नाही, पण हे येईल.

थिनर. पाच मिनिटं. मी पाया पडतो.

दादा

६ मे

दादा,

थिनरचा डबा मी आधीच उघडला होता. तुझं पत्र यायच्या सहा दिवस अगोदर. बोळाही भिजवला होता. अप्पांच्या कपाटातून माउंट काढायला गेले तर त्यांनी मागून विचारलं, "वास कसला येतोय?" मी म्हटलं, हाताला रंग लागलाय तो पुसते. म्हणाले, "तो जात नाही." आणि बाहेर जाऊन पिल्लांना दूध घालत बसले.

मी हातात घेऊन बघितलं. नटावर माझी रेघ. सरळ, बारीक, एका झटक्यात ओढलेली. दातांवर काम करून करून माझा हात पक्का झालाय ना, त्यामुळे माझ्या रेघा सगळ्यांत देखण्या असतात. ती ओढताना मी गाणं म्हणत होते, ते आठवलं. ज्या हाताने शिवणवाल्या बाईंना... जाऊ दे. मीही जाऊ दे म्हणते. बोळा वाळून गेला.

परवा गाडी सुरू झाली. दोनदा खोकली, तिसऱ्यांदा लागली. अप्पांना मी आधी दाराशी उभं केलं, कारण त्यांना आता समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. पत्रा बाजूला केला आणि गाडी त्यांच्या डोळ्यांच्या कडेकडेने नेली, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. गाडीचा लाल रंग सरकताना दिसला म्हणाले. मग शेजारी बसले. न उघडणाऱ्या दाराने नाही, माझ्या बाजूने, मांडीवरून सरकत, शिव्या देत.

जुन्या इंजिनाचा तो घुमणारा आवाज आता नाही. हे नवं बारीक, एकसारखं टरटरतं.  कोपऱ्यावर मी गाडी थांबवली. बंद शटरसमोर ते इंजिन तसंच चालू होतं. अप्पांनी तिकडे कान केला. मग म्हणाले, "शिवणयंत्रासारखं वाजतंय."

मी स्टिअरिंग सोडलं. तेव्हा ते बोलले. पुढचं जसंच्या तसं लिहिते.

"त्याचा नट सोडवायला मला नेहमी दोन्ही हात लागतात. तो जनावरासारखा आवळतो. त्या दिवशीचा एका हाताने सुटला." मग म्हणाले, "मी तुला रंग विचारला तो दिसत नव्हता म्हणून नाही. तू काय सांगतेस ते बघायचं होतं."

मी म्हटलं, अप्पा, मी काय करू?

"मला दोन पोरं आहेत," म्हणाले. "मला कशाला विचारतेस?"

तिथून घरी वळलो नाही. अप्पांनी माउंट फडक्यासकट कोटाच्या खिशात आणलं होतं, मला माहीतच नव्हतं. वकीलबाईंच्या ऑफिसपर्यंत चाळीस किलोमीटर गेलो. वाटेत पाणी तापल्याचा काटा वर चढला, एकदा थांबून रेडिएटरवर मगाने पाणी मारलं. बाकी कुठे काही हललं नाही. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यावर वकीलबाईंचा डबा उघडा होता, त्या जेवत होत्या. मी माउंट डब्याशेजारी ठेवलं. साखळी वर-खाली करून जे दिसलं ते सगळं सांगितलं. त्यांनी हात पुसले, तुकडे जुळवून बघितले, जुनं इंजिन आणि दांडी कुठे आहे विचारलं. शेडमध्येच आहे म्हटलं, मी भंगारात काहीच दिलेलं नाही. त्या पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसल्या. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारलाच.

"हा पिवळा रंग कसला?"

मी सांगितलं. नियम सांगितला, रबर कुठून कापलं ते सांगितलं, कुठला गोंद ते सांगितलं. तू वाकून टकटक केलीस तेही सांगितलं, कारण तुझा नियमही त्यांना कळायला हवा. कुणाचा खरा ते न्यायाधीश ठरवतील. वकीलबाई म्हणाल्या, तुझी शिक्षा टिकणं आता कठीण आहे. माझ्याबद्दल विचारलं तर म्हणाल्या, सांगता येत नाही, आणि डब्याचं झाकण लावलं.

हे पत्र तुझे साहेब आधी वाचतील. मुद्दाम सगळं स्वच्छ लिहिलंय. वाचू देत. साहेब, नट माझा आहे.

तू चिडशील. चिडून पत्रं फाडशील, खोलीतल्यांशी भांडशील. तू चौदा महिने माझ्यासाठी वाईट माणूस होऊन बसलास आणि मी ते एका दिवसात पटवून घेतलं, मागेपुढे बघितलं नाही. त्याचं काय करायचं ते मला अजून कळत नाहीये. नट असता तर सोडवून परत आवळला असता.

अप्पांचं सांगून ठेवते. चहात साखर कमी, गोळ्यांच्या डब्यांना मी वेगवेगळे नट बांधलेत, सकाळचा आठचा, दुपारचा दहाचा, संध्याकाळचा बाराचा. बोटाने ओळखतात. मांजराची पिल्लं हलवू नकोस. बॉनेट नसलं तरी गाडी चालते. रेडिएटरला पंखा मोठा लाव. तुझ्या लाल रंगाची बाटली वाळलीय, दोन थेंब थिनर घाल, डबा खिडकीखाली आहे.

१४ तारखेला कोर्टात भेटू. मला तिथून पुढे कुठे नेतील ते वकीलबाईंना माहीत असेल, पत्ता त्यांच्याकडून घे. आणि कागदाच्या एकाच बाजूला लिही.

वॉशर